कुठे दुखतंय

उस्तादांनी काकूंचा हात पहिल्यांदा झटकला, तेव्हा तेलाची वाटी उडून शिवणयंत्राखाली गेली.

"असू दे, निसटली," काकू म्हणाल्या आणि फडकं आणायला उठल्या. निसटली नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. रोज याच वेळी काकू शिवणकाम बाजूला सारायच्या, नवऱ्याच्या खुर्चीसमोर बुटकं स्टूल ओढायच्या, त्यांचा उजवा पाय मांडीवर घ्यायच्या आणि घोट्यापासून बोटांपर्यंत चोळून द्यायच्या. पक्षाघातानंतर घरी सोडताना इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं होतं, लुळ्या बाजूचा पाय रोज चोळा, रक्त खेळतं राहील. काकूंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की पाच महिन्यांत एक संध्याकाळ चुकली नव्हती.

उस्ताद हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. बिघडलेल्या लिफ्टमध्ये शिरायचं, दाराला कान लावून दोन मजले वरखाली करायचं आणि सांगायचं, "वरच्या पुलीचं बेअरिंग गेलंय." वर जाऊन उघडावं तर तेच निघायचं. म्हणून बरोबरचे मेकॅनिक त्यांना उस्ताद म्हणू लागले आणि तेच नाव इमारतभर झालं. काकू पडदे शिवायच्या, अजूनही शिवत होत्या. त्या म्हणायच्या, "यांना सातव्या मजल्यावरच्या लिफ्टचं कण्हणं ऐकू येतं, स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही."

पक्षाघातानं उस्तादांचा उजवा हात-पाय नेला आणि बोलणंही नेलं. मागे एकच शब्द उरला: "बरोबर." दुरुस्ती संपली की ऑफिसला फोन करून ते तेवढंच म्हणायचे. आता चहा हवा असला तरी बरोबर, नको असला तरी बरोबर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द राहतो, आणि हो-नाहीचाही घोळ होतो. काकूंनी त्या एका शब्दाचे सूर पाठ करून टाकले. दोनदा पटपट म्हटलं की खिडकी उघडायची. लांबवून म्हटलं की शेजारचे वकील गप्पा मारायला आले आहेत, त्यांना आत घ्यायचं. फसलं तर उस्ताद डावा हात कपाळावर मारून घ्यायचे आणि दोघंही हसायचे. असा संसार पुन्हा रांगेला लागत होता. एका हातानं धरायचा वॉकर घेऊन उस्ताद चार पावलं टाकायला लागले होते.

आणि मग ती वाटी उडाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी जरा हळू हातानं सुरुवात केली. घोट्याशी सगळं ठीक होतं. पावलाच्या वरच्या भागावर अंगठा दाबला मात्र, उस्ताद मोठ्यानं ओरडले, "बरोबर! बरोबर!" आणि डाव्या हातानं त्यांचं मनगट ढकलून दिलं.

"दुखतंय का?" काकूंनी विचारलं.

"बरोबर!"

"म्हणजे दुखतंय?"

"बरोबर!"

"की दुखत नाहीये?"

"बरोबर!" उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की दुखण्याचं, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी डावा हात हवेत असा फिरवला की त्याचा एकच अर्थ काकूंना लागला: जा.

काकू गेल्या नाहीत. पाय आखडलाय, सोडून दिला तर कायमचाच जाईल, अशी त्यांची समजूत. त्या रोज सहाला स्टूल ओढत राहिल्या. कधी गोडीत, कधी दटावून. पाऊल सुजलं होतं, थोडं लालही दिसायचं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, दिवसभर पाय खाली लोंबकळतो, सूज येणारच. त्याच बाई पंधरवड्यानं दारात थांबून हळूच म्हणाल्या, "काका फार हट्टी झालेत हो. चार पावलं टाकत होते, आता उभंही राहत नाहीत. मनात आणलं तर जमेल त्यांना."

नेहमीच्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढायला लावला, रक्त तपासलं. एक्स-रेत हाड चांगलं होतं. रक्तातलं युरिक अॅसिडसुद्धा नेमात होतं. "मेंदूला इजा झाली की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "नसांमधून चुकीचे निरोप जातात. माणूस चिडचिडा होतो, स्वभाव बदलतो. थोडं शांत राहायची गोळी देतो."

गोळीनं उस्ताद शांत झाले. इतके शांत की वकीलसाहेब येऊन समोर अर्धा तास बोलून गेले आणि यांची मान छातीवर. आठव्या दिवशी काकूंनी ती गोळी बंद केली आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "ओरडले तर चालतील मला. असे नको."

पण स्वभाव बदलतो, हे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं. कारण उस्ताद सगळ्यांवर चिडत नव्हते. वकीलसाहेबांना डाव्या हातानं टाळी द्यायचे. लेक दर रविवारी येऊन दाढी करून द्यायची, तेव्हा गाल फुगवून तिला हसवायचे. काकू तेलाची वाटी घेऊन आल्या की तेवढा चेहरा बदलायचा. नुसत्या स्टुलाचा आवाज ऐकला तरी ते खुर्चीत मागे सरकायचे. महिना-दीड महिना असा गेला. मग काकूंनी स्टूल ओढणं बंद केलं. जेवण द्यायच्या, कपडे बदलायच्या आणि शिवणाच्या खोलीत जाऊन बसायच्या. काम नसलं तरी यंत्र चालू ठेवायच्या, म्हणजे बाहेर वाटावं, काम आहे.

रविवारी लेक आली. ती गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांशेजारी बसून तिला सवयच झाली होती, काही बिनसतंय असं दिसलं की तिचा पाय जमिनीवर ब्रेक शोधायचा. आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हाही तिनं पाय दाबला.

"आई, रिकामं यंत्र कशाला चालवतेस? सुईत दोरा नाही."

काकूंनी यंत्र थांबवलं. "एक माणूस बघ," त्या म्हणाल्या. "दिवसभराचा. अंघोळ, कपडे, व्यायाम, सगळं करील असा."

"का? कंबर धरली का तुझी?"

"कंबर ठीक आहे."

"मग?"

काकू समोरच्या पडद्याची दुमड नखानं पक्की करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना माझा हात नको झालाय."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. तू दाढी केलीस, बसले ना गप्प? मी पायाला हात लावला की मारायला येतात. सदतीस वर्षं झाली. माणसाला कंटाळा येऊ शकतो. आधी मनात असलं तरी थट्टेवारी न्यायचे. आता थट्टा करता येत नाही, तर आत जे आहे ते बाहेर पडतंय. त्यात त्यांची तरी काय चूक."

लेक सरळ बाहेर गेली, तेलाची वाटी घेतली, स्टूल ओढलं आणि बाबांसमोर बसली. "बाबा, आज मी," असं म्हणून तिनं त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि आईला करताना पाहिलं होतं तसा पावलावर अंगठा दाबला.

उस्ताद असे किंचाळले की वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. त्यांचा डावा हात लेकीच्या खांद्यावर फाडकन बसला. मग लगेच तोच हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवत राहिले, नाही, नाही, तुला नाही.

काकू दारात उभ्या होत्या. लेकीला लागलं, ते त्यांनी पाहिलं. आणि त्या क्षणी त्यांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. पोटच्या पोरीला फटका बसतो आणि आपल्याला आनंद होतो!

"आई," लेक खांदा चोळत म्हणाली, "तुझा हात नाही नकोसा झालेला. पाय नकोसा झालाय. आपल्या घरात त्या पायाला हात लावणारी तू एकटीच होतीस. तुझ्यावरच चिडणार ना?"

त्यानंतरच्या गुरुवारी लेक दोघांना सांध्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तिशीच्या, केस वर बांधलेल्या, बोलायला भरभर. खोलीत आल्या आल्या त्यांनी कागद मागितले नाहीत. खुर्ची ओढून उस्तादांच्या अगदी समोर बसल्या आणि काकूंना म्हणाल्या, "मी पायाकडे बघणार नाही. चेहऱ्याकडे बघणार आहे. पायाला तुम्ही हात लावा, मी सांगते तसा."

आधी टाच. उस्तादांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग घोटा, बाहेरची बाजू. भुवया थोड्या जवळ आल्या. मग पावलाचा मधला भाग. काकूंचं बोट टेकायच्या आधीच उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तपासणीच्या पलंगावरची पातळ चादर उचलली आणि अलगद पावलावर सोडली. नुसती चादर. उस्तादांचा श्वास अडकला. डॉक्टरांनी ती झटक्यात काढून घेतली. "माफ करा हं, काका. पुन्हा नाही करणार."

मग त्यांनी कागद मागून चाळले आणि त्या काकूंकडे वळल्या. "हा हट्ट नाहीये, आणि फक्त नसांचं दुखणंही नसावं. मला गाऊटची शंका आहे. युरिक अॅसिड रक्तात जास्त झालं की त्याचे बारीक सुईसारखे स्फटिक सांध्यांत साठतात. मग एखाद दिवशी तिथे आग लागते."

"पण रक्तात तर नीट निघालं," लेक म्हणाली. "आणि गाऊट पायाच्या अंगठ्याला होतो ना?"

"बहुतेक वेळा अंगठ्याला. पण पावलाच्या मधल्या सांध्यांना, घोट्याला, गुडघ्यालाही होतो. आणि ऐन दुखण्यात रक्त तपासलं तर आकडा कधीकधी नेमातच दिसतो. त्यात यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, ती गोळी हे अॅसिड शरीरात अडवून धरते." डॉक्टरांनी औषधांच्या यादीवर बोट पुढे नेलं. "सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासणं ही खात्रीची रीत. पण यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत, पाय स्थिर राहणार नाही, आणि या बारक्या सांध्यांत पाणीही धड मिळत नाही. त्यापेक्षा आपण एक वेगळ्या प्रकारचा सीटी स्कॅन करू. सुई नाही, टोचणं नाही."

"त्यात काय दिसणार? एक्स-रेत तर काहीच नव्हतं," काकू म्हणाल्या.

"हे यंत्र दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांनी एकाच पायाचे फोटो काढतं. हाडातलं कॅल्शियम त्या दोन किरणांना एक प्रकारे उत्तर देतं, हे स्फटिक दुसऱ्या प्रकारे. त्यावरून कॉम्प्युटर दोघांना वेगळं ओळखतो आणि स्फटिकांना हिरवा रंग देतो."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन कापडं सारखीच काळी दिसतात. दारात उन्हात आणली की एक काळं राहतं आणि एक गडद निळं निघतं. तसं?"

डॉक्टर हसल्या. "अगदी तसं. मी आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार. फक्त एक लक्षात ठेवा, हिरवं दिसलं तर प्रश्न मिटला. नाही दिसलं तर मात्र गाऊट नाहीच, असं छातीठोक म्हणता येत नाही. नवीन असेल तर कधी दिसत नाही."

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. मधोमध पांढरं मोठं कडं उभं आणि त्याच्या पोटातून जाणारा अरुंद पलंग. स्कॅन करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी उस्तादांना पलंगावर घेतलं आणि पाय कड्याच्या बाजूला केले. "काका, डोकं आत जाणार नाही. फक्त पाय आणि गुडघे. पण हलायचं नाही हं, हललात तर फोटो पुसट येतो." पावलांना बांधायला त्यांनी पट्टा उचलला, उस्तादांचा चेहरा पाहिला आणि पट्टा परत ठेवला. त्याऐवजी स्पंजचे तिरपे तुकडे आणून त्यांनी पाय दोन्ही बाजूंनी असे टेकवले की दुखऱ्या जागेला कशाचाच स्पर्श होऊ नये.

तरी उस्ताद घाबरले होते. डाव्या हातानं त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही थांबा जवळ. हा एप्रन घाला, शिशाचा आहे, जड लागेल." काकू एप्रनच्या ओझ्यानं वाकल्या, पण उस्तादांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि तो हात आपल्या हातात घेतला.

कुठूनतरी घरघर सुरू झाली. कड्याच्या आत काहीतरी फिरू लागलं, आधी हळू, मग वेगानं, मग इतक्या वेगानं की नुसता एक सलग सूर राहिला. काकूंच्या हातातल्या हाताची पकड सैल झाली. त्यांनी खाली पाहिलं. उस्तादांनी डोळे अर्धवट मिटले होते आणि मान किंचित कलती केली होती. ती मान काकूंनी चौतीस वर्षं पाहिली होती. ते ऐकत होते. मोटर कुठे आहे, वजन कसं तोललंय, बेअरिंग कसं धावतंय, सगळं कानानं चाचपत होते. पलंग इंचाइंचानं आत सरकला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. उस्ताद दगडासारखे निश्चल.

कडं मंदावत थांबलं, तेव्हा ते काचेपलीकडच्या बाईंकडे बघून म्हणाले, "बरोबर." पसंतीचा सूर होता.

बाई दार उघडून आल्या. "काय म्हणतात काका?"

"तुमचं यंत्र चांगल्या तब्येतीत आहे म्हणतात," काकू म्हणाल्या.

"हे मला लेखी द्या. कंपनीचा माणूस दर महिन्याला काहीतरी खोट काढतो."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिघांना बोलावलं. रिपोर्ट हातात देण्याऐवजी त्यांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा उस्तादांकडे वळवला. "आधी काका बघतील. पाय त्यांचा आहे."

पडद्यावर दोन पायांची हाडं उभी होती, राखाडी, स्वच्छ, एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशी. आणि उजव्या पावलाच्या मधोमध, लहान लहान हाडांच्या फटींत, हिरवं. दाट हिरवं. जणू फरशीच्या सांध्यांत शेवाळ धरावं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूलाही एक पट्टा. आणि डाव्या, चांगल्या पायाच्या गुडघ्याशीही थोडे ठिपके.

"नखंसुद्धा हिरवी दिसतायत," लेक म्हणाली.

"ती यंत्राची फसगत. नखं आणि टाचेची जाड कातडी त्याला कधीकधी हिरवी वाटतात. ते सोडून द्या. पण हे," डॉक्टरांनी पेनानं पावलाचा मधला भाग दाखवला, "हे खरं आहे. आणि एका दिवसाचं नाही. वर्षानुवर्षं गुपचूप साठलं असणार. भडका आत्ता उडाला."

उस्ताद पुढे झुकले. डाव्या हाताचं बोट त्यांनी त्या हिरव्यावर टेकवलं. मग तेच बोट आपल्या पायाकडे नेलं. मग पुन्हा पडद्यावर. "बरोबर," ते म्हणाले. मग काकूंकडे वळून, मग लेकीकडे वळून, मग डॉक्टरांकडे, प्रत्येकाला एकेकदा सांगितलं, "बरोबर. बरोबर. बरोबर." त्यांचा आवाज फुटला आणि ते रडायला लागले. दुखतंय हे दीड-दोन महिने ते सगळ्यांना सांगत होते. आज त्यांचं कुणीतरी खरं मानलं होतं.

काकू पडद्याजवळ गेल्या. आपला अंगठा त्यांनी त्या चित्रातल्या पावलावर धरून पाहिला. अगदी तीच जागा. रोज सहा वाजता, तेल लावून, जोर देऊन. गाठ असेल तर मोकळी होईल म्हणून तिथेच जरा जास्त.

"मी इथेच दाबत होते," त्या म्हणाल्या. "बरोबर इथे."

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या.

"सदतीस वर्षं एकत्र राहून माहीत नव्हतं, हेच तर. आणि वर मी रुसून बसले."

त्या स्टुलावर टेकल्या. मग उस्तादांनी हात लांब करून त्यांचा तो अंगठा पकडला. जरा वेळ उलटसुलट करून पाहिला, एखाद्या जुन्या पान्याकडे बघावं तसा. आणि उचलून आपल्या गालाला लावला, तसाच धरून ठेवला. काकूंना हुंदका आवरेना.

"अहो, लाथ तरी जोरात मारायची होती," त्या रडतरडतच म्हणाल्या. "मला हळू सांगितलेलं कधी कळलंय का?"

उस्ताद हसले. तोंडाची एक बाजू हसली, दुसरी तशीच राहिली, पण हसले. लेकीचा पाय जमिनीवर दाबला गेला होता, तो तिनं हळूच उचलला.

औषधं सुरू झाली. आग शमवणारी गोळी तीन दिवसांत लागू पडली. रक्तदाबाच्या डॉक्टरांशी बोलून लघवीची गोळी बदलली. मग युरिक अॅसिड कमी करणारी रोजची गोळी, अगदी थोड्या मात्रेपासून. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "साठा विरघळताना मध्येच पुन्हा भडका उडू शकतो. घाबरून गोळी सोडू नका. महिने लागतील, कदाचित वर्षाहून जास्त."

सहाव्या आठवड्यात तसंच झालं. पाऊल पुन्हा लाल, पुन्हा चादर सोसेना. पण आता काकूंना काय करायचं ते ठाऊक होतं. डॉक्टरांना फोन लावला, आणि त्याच दुपारी पडद्याच्या जुन्या दांड्या वाकवून त्यांनी दोन कमानी केल्या, वर जुनं मलमल ताणून शिवलं आणि पलंगाच्या पायथ्याशी एक छोटा तंबू उभा केला. पाय आत, पांघरूण वर, कशाचा कशाला स्पर्श नाही. वकीलसाहेब पाहायला आले आणि म्हणाले, "वा! उस्तादांचा पाय पडदानशीन झाला!" उस्तादांनी त्यांना टाळी दिली.

काकू आता संध्याकाळी पाय चोळत नसत. त्या शिवण घेऊन त्यांच्याजवळ बसायच्या, एवढंच. दुखऱ्या दिवशी उस्ताद डाव्या हाताचं बोट दुखत्या जागेवर ठेवायला शिकले आणि काकू विचारायच्या, "चादरीइतकं की अंगठ्याइतकं?" चादरही सोसत नसेल तर ते पंजा सरळ पसरायचे, अंगठ्यानं दाबल्यावरच दुखत असेल तर मूठ वळायचे. त्या एका शब्दानं जे जमत नव्हतं, ते हाताला जमलं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी स्वतःहून येऊन माफी मागितली. काकू म्हणाल्या, "माफी कसली मागता, रांगेत माझा नंबर तुमच्या आधी आहे."

अकरा महिन्यांनी पुन्हा तो स्कॅन झाला. उजव्या पावलातलं हिरवं आता शोधावं लागत होतं. घोट्याजवळचा पट्टा अर्ध्यावर आला होता, गुडघ्याजवळ दोन ठिपके. "गोळी चालूच ठेवायची," डॉक्टर म्हणाल्या, "पण आता काकांना घरात बसवू नका. चालू दे."

वर्षभर उस्तादांच्या उजव्या पायात कापडी सपात होती, काकूंनी पुढून उसवून सैल केलेली. ती घालून रस्त्यावर चालणं शक्य नव्हतं. म्हणून इस्पितळातून निघाल्यावर तिघं कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानात शिरले.

दुकानदार लठ्ठ, घाईतला माणूस. त्याला यातलं काही माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यानं उस्तादांना बाकावर बसवलं, समोर उकिडवा बसला, उजवं पाऊल बिनदिक्कत हातात घेतलं आणि करड्या रंगाचा बूट चढवला. मग, बूटवाले करतात तसं, पुढून बोटांवर अंगठा दाबला. मग वरच्या बाजूनं, पावलाच्या बरोबर मधोमध.

काकूंचा हात पुढे झाला. लेकीनं आपला पाय जमिनीवर दाबला.

दुकानदारानं आणखी एकदा दाबलं. "इथे घट्ट नाही ना होत?"

उस्तादांनी पायाकडे पाहिलं, आश्चर्यानं, जणू कुणाचा दुसऱ्याचाच पाय आहे. त्यांनी ना पंजा पसरला, ना मूठ वळली. डावा हात मांडीवर निवांत ठेवून दिला.

"नाही होत घट्ट," काकू म्हणाल्या. "चांगला बसलाय."

"मग हाच देऊ?"

उस्तादांनी मान हलवली. नाही. त्यांनी डाव्या हातानं मागच्या फळीकडे दाखवलं. दुकानदारानं तपकिरी काढला, तो नको. काळा काढला, तो नको. शेवटी लेक उठून फळीपाशी गेली आणि एकेक बूट उचलून दाखवत राहिली. अगदी टोकाला, उन्हाळ्यापासून कुणी न घेतलेला एक भडक निळा जोड होता, पांढऱ्या तळव्यांचा. तो उचलताच उस्तादांचा चेहरा फुलला.

"अहो, हा काय रंग! लोक हसतील," काकू म्हणाल्या.

उस्तादांनी बाकावर बसल्या बसल्याच वॉकर पुढे ओढला होता. काकूंकडे पाहत त्यांनी निळ्या बुटाकडे पुन्हा बोट दाखवलं. काकू खाली बसल्या, त्यांनी करडा बूट काढला, निळ्या बुटाची नाडी सैल केली, उजवं पाऊल आत सरकवलं, आणि नाडी बांधताना, न घाबरता, पावलावरून एकदा हात फिरवला.